बोलण्याचे माप कोणाच्या हाती?

ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी मिळवू पाहणाऱ्या भारतीय मुलीने आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा निवडली, तर बोलण्याच्या विभागात तिला नवांपैकी सातवी श्रेणी गाठावी लागते. साडेसहा मिळाली, की रुग्णसेवेचा वर्षानुवर्षांचा अनुभवही सामान्यतः तिच्या कामी येत नाही. ही अर्ध्या श्रेणीची दरी कोण मोजतो, कशाने मोजतो आणि मोजणी चुकली तर जाब कोणाला विचारायचा, हे प्रश्न केवळ भाषाशिक्षकांचे नाहीत. ते श्रम विकून जगणाऱ्यांच्या उपजीविकेचे प्रश्न आहेत.

परीक्षेची रीत नेटकी आहे, हे मान्य केले पाहिजे. अकरा ते चौदा मिनिटे उमेदवार परीक्षकाशी बोलतो. प्रथम घर, गाव, शिक्षण यांविषयी साधे प्रश्न. मग चिठ्ठीवरील विषयाचा एक मिनिट विचार करून दोन मिनिटांपर्यंत सलग भाषण. शेवटी त्याच विषयाच्या अनुषंगाने चर्चा. ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार या चार निकषांना समान वजन असते. निकष प्रसिद्ध केलेले असतात, संभाषण ध्वनिमुद्रित होते, आणि मराठी वळणाचा उच्चार हा स्वतःच दोष मानला जात नाही. ऐकणाऱ्यास तो सहज समजावा, ही मुख्य अपेक्षा असते. ‘न’ आणि ‘ण’ यांवरून माणसाचे कूळ ओळखू पाहणाऱ्या समाजाने यातून काही शिकण्यासारखेही आहे.

परंतु निकष न्याय्य असले म्हणजे परीक्षा न्याय्य होतेच असे नाही. या संभाषणाची सूत्रे एकाच बाजूच्या हाती असतात. परीक्षक ठरवून दिलेल्या चौकटीत विचारतो, उमेदवार उत्तरे देतो. घाबरलेल्या रुग्णाला धीर देणे, वेदना नेमकी कोठे आहे हे काढून घेणे, न समजलेली सूचना निःसंकोचपणे पुन्हा विचारणे, ही परिचारिकेच्या बोलण्याची खरी कसोटी. ती येथे लागतच नाही. आरोग्यसेवकांसाठी असलेल्या ओईटी या परीक्षेत ती काही अंशी लागते. तीत दोन प्रसंगांत रुग्णाशी वा त्याच्या नातेवाइकाशी बोलावे लागते, आणि २०१८ पासून समोरच्याचे म्हणणे समजून घेण्याच्या कौशल्यालाही गुण आहेत. ब्रिटनच्या परिचारिका परिषदेने २०१७ साली ती मान्य केली. मात्र तिचे शुल्क आयईएलटीएसहून बरेच अधिक आहे. अधिक योग्य परीक्षा अधिक पैसे मोजणाऱ्याला, असा हा न्याय आहे.

माणसाऐवजी यंत्र बसवले की पक्षपात संपतो, असा एक भाबडा समज आहे. २००९ साली आलेल्या पीटीई या परीक्षेत संगणकाने गुण देण्याची पद्धत रूढ झाली. २०१७ साली ऑस्ट्रेलियात कायम वास्तव्याची परवानगी मागणारी, इंग्रजी हीच मातृभाषा असलेली आणि दोन पदव्या मिळवलेली एक आयरिश पशुवैद्य या परीक्षेच्या बोलण्याच्या भागात हुकली. ७९ गुण हवे होते. तिला ७४ मिळाले. परीक्षा घेणाऱ्या कंपनीने यंत्रात दोष नसल्याचे सांगितले. तिची निदान बातमी झाली. कोल्हापूरच्या वा कोट्टायमच्या मुलीला असेच गुण मिळाले असते, तर दोष तिच्या इंग्रजीचाच ठरला असता.

यंत्रावरील अंधविश्वासाची याहून मोठी किंमत ब्रिटनमध्येच मोजली गेली. २०१४ साली बीबीसीने काही केंद्रांवर टोइक परीक्षेत तोतये बसत असल्याचे उघड केले. त्यानंतर परीक्षा घेणाऱ्या संस्थेने आवाज ओळखण्याच्या तंत्राने बोलण्याच्या सुमारे ५८,००० चाचण्या तपासल्या आणि त्यांतील ९७ टक्के अवैध वा शंकास्पद ठरवल्या. त्या आधारे हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले. त्यांत भारतीयही होते. फसवणूक झाली होती, यात शंका नाही. परंतु निर्दोषांचे रक्षण करण्याची जबाबदारी गृहखात्याने तितक्याच तत्परतेने घेतली नाही, असे राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ साली नोंदवले.

या साऱ्याच्या मुळाशी व्यापार आहे. २०२१ साली ब्रिटिश कौन्सिलने भारतातील आपला आयईएलटीएसचा व्यवसाय आयडीपी या ऑस्ट्रेलियन कंपनीला १३ कोटी पौंडांना विकला. भारतीय तरुणांच्या आकांक्षेची ती बाजारातली किंमत होती. परीक्षेचे शुल्क सतरा हजार रुपयांच्या पुढे गेले आहे आणि निकालाची मुदत दोनच वर्षे आहे. निकालपत्रावर श्रेणीचा आकडा मिळतो. उमेदवार नेमका कोठे कमी पडला, हे त्यावरून कळत नाही.

दोष केवळ परदेशांवर ढकलून मात्र भागणार नाही. महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. तरीही खचाखच भरलेल्या वर्गात मुलाला स्वतःचे एक वाक्य उभे राहून बोलण्याची संधी क्वचितच मिळते. शाळेने जे दिले नाही ते खाजगी शिकवणीवर्ग विकतात, आणि ज्याच्या घरी इंग्रजी बोलले जाते त्याला ते विकत घ्यावे लागत नाही. डॉ. राममनोहर लोहियांचा विरोध इंग्रजी या भाषेला नव्हता. तिच्या बळावर मूठभरांनी राखलेल्या मक्तेदारीला होता. ती मक्तेदारी आता निर्यातयोग्य झाली आहे, इतकेच.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. शासकीय परिचर्या महाविद्यालयांत कामाच्या इंग्रजीचे बोलणे विनामूल्य शिकवले जावे. परदेशांशी मनुष्यबळाचे करार करताना, व्यवसायाशी निगडित परीक्षा, परवडणारे शुल्क आणि सकारण निकाल यांचा आग्रह भारत सरकारने धरावा. ब्रिटनमध्ये वर्षभर काम केलेल्याच्या बाबतीत २०२३ पासून ठरावीक अटींवर वरिष्ठांची साक्ष ग्राह्य धरली जाते. अर्धी श्रेणी हुकली तरी त्याचा मार्ग त्यामुळे खुला राहू शकतो. भारतातील रुग्णालयात इंग्रजीतून काम केलेल्या परिचारिकेची साक्ष का चालू नये?

ब्रिटनच्या रुग्णालयांना या मुलींची गरज आहे. गरजवंताने आपल्या अटी सांगाव्यात, हे योग्यच. पण ज्यांच्या श्रमावर ती रुग्णालये चालतात, त्यांनाही अटी सांगण्याचा अधिकार आहे. बोलण्याची खरी परीक्षा तेथून सुरू होते.