बेटावरची माणसं

परवा टीव्हीवर रॉबेन बेट दाखवत होते. आपल्याला ते ठाऊक आहे नेल्सन मंडेलांच्या तुरुंगामुळे. पण त्याआधी, १८४६ पासून १९३१ पर्यंत, तिथे कुष्ठरोग्यांना नेऊन ठेवत असत. हवाईतल्या मोलोकाई बेटावरची सक्ती तर १९६९ पर्यंत चालली. नातू म्हणाला, "आजोबा, काय क्रूर लोक!" मी गप्प बसलो.

आम्हा मालवणवाल्यांच्या समोरच किल्ल्याचं बेट आहे, पण रोग्यांसाठी आम्हाला बेटाची कधी गरज पडली नाही. आमच्या वाडीने भरडावर एक खोपी बांधून काम भागवलं होतं. तिथे माझ्या वडिलांचा चुलतभाऊ राहायचा. त्याला रगतपिती झाली होती. आई करवंटीतून पेज द्यायची. ती दगडावर ठेवायची, लांबून हाक मारायची आणि पळत सुटायचं, हे काम माझं. त्याला काका म्हणून मी कधी हाक मारली नाही. नुसतं "होऽऽ" म्हणायचो. मी सातवीत असताना तो गेला आणि खोपी जाळून टाकली.

पुढे १९७६ च्या मे महिन्यात आम्ही चार शिक्षक आनंदवन पाहायला गेलो. एस.टी., मग रेल्वे, असं करत वरोऱ्याला पोचेपर्यंत अंगाचं भरीत झालं होतं. बाबा आमटे १९५१ साली तिथे गेले तेव्हा बरोबर साधनाताई, दोन लहान मुलं, सहा रोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात चौदा रुपये होते, हे मी वर्गात रंगवून सांगायचो. प्रत्यक्ष पाहिलं तर हिरवीगार शेतं, विहिरी, हातमाग. सगळं त्याच माणसांच्या हातचं. शेजारचं कॉलेजही त्यांनीच बांधलेलं. मी भारावून गेलो.

आणि मग एका गृहस्थाने चहा आणला. बोटं पेरापर्यंत झडलेली, दोन्ही तळव्यांत कप धरलेला. मी म्हणालो, "मी चहा घेत नाही." बरोबरचे तिघेही माझ्याकडे पाहू लागले. दिवसाला सहा कप पिणारा माणूस मी! तो गृहस्थ हसला, "बरं" म्हणाला आणि कप परत घेऊन गेला. त्याला हे नवीन नसावं.

तेव्हापासून माझं एक मत झालं आहे, कुणाला पटो न पटो. आनंदवनाचं कौतुक करणं आपल्याला फार सोयीचं आहे. आपण वाडीत जागा दिली नाही म्हणून बाबांना माळरानावर गाव वसवावं लागलं. तो त्यांचा पराक्रम खराच, पण आपल्यासाठी ती अभिमानाची गोष्ट कशी? सहलीला जायचं, डोळे पुसायचे, देणगीची पावती घ्यायची आणि घरी येऊन करवंटी वेगळी ठेवायची!

आता तर कारणही उरलेलं नाही. बहुतेकांच्या शरीरात या रोगाला मुळातच प्रतिकारशक्ती असते. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात. सहा महिने, फार तर बारा. उपचार सुरू झाले की थोड्याच दिवसांत संसर्गाची भीती जाते. वेळेवर घेतल्या तर बोटं शाबूत राहतात. १८९८ चा कुष्ठरोग्यांचा कायदा २०१६ साली रद्द झाला. मात्र कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण धरलं जायचं, ते २०१९ मध्ये निघालं. इतकी वर्षं ते पुस्तकात तसंच होतं, बघा.

दोन वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी आला. हातावर फिकट चट्टा, टाचणी टोचली तरी कळेना. मीच त्याला दवाखान्यात पाठवलं. निदान झाल्यावर परत आला आणि पडवीत उभा राहूनच म्हणाला, "सर, घराकडे कोणाक सांगू नकात." आत ये म्हटलं तरी येईना. मी हाताला धरून बसवला, हिने चहा आणला. त्याने कप उचलण्याआधी विचारलं, "चलात ना?"

बारा महिने तो शेजारच्या तालुक्यात जाऊन गोळ्या आणत होता. आता पूर्ण बरा आहे. बायकोला त्याने अजून सांगितलेलं नाही. सांगू का, असं मला दोनदा विचारून गेला. मी दोन्ही वेळा विषय बदलला.