‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला इतका स्वस्त का?

मूत्रपिंड काढावे लागेल असे डॉक्टरांनी सांगितले, तर घरातील चार माणसे दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यासाठी धावतात. गर्भाशयाच्या बाबतीत मात्र ‘मुले झाली ना, मग आता पिशवीचा उपयोग तरी काय?’ एवढ्या एका वाक्यात विषय निकालात निघतो. हे वाक्य वैद्यकशास्त्राचे नाही. स्त्रीच्या शरीराचे मोल तिच्या प्रसूतींच्या संख्येवरून ठरविणाऱ्या समाजाचे ते वाक्य आहे, आणि वैद्यकीय व्यवसायाच्या एका भागाने ते आपलेसे केले आहे, हे दुर्दैव.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, गर्भाशय काढल्याविषयीची माहिती प्रथमच देशभरातून गोळा झाली. १५ ते ४९ या वयोगटातील ३.२ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण ३.३ टक्के होते. आंध्र प्रदेशात ते नऊ टक्क्यांच्या आसपास आहे, तेलंगणातही फारसे कमी नाही. सुमारे दोन तृतीयांश शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झालेल्या आहेत. कारणे विचारली असता ‘अंगावरून फार जाते’ हे पहिले आणि ‘गाठी’ हे त्याखालोखाल.

तीन टक्के हा आकडा पाहून कोणी म्हणेल, यात एवढे काय? अमेरिकेत तर याहून अधिक स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया होते. ते खरे आहे. पण तेथे ती बहुधा चाळिशीनंतर होते. आपल्याकडे चौथ्या फेरीत शस्त्रक्रियेच्या वेळचे मध्यक वय सुमारे ३४ वर्षे निघाले. ज्यांचे गर्भाशय काढले गेले, त्यांपैकी निम्म्या स्त्रिया तेव्हा चौतिशीच्या आतबाहेर किंवा त्याहून लहान होत्या. आपल्या देशाचा खरा प्रश्न टक्केवारीत नसून या वयात आहे.

फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूंत वाढणारी साधी गाठ. पन्नाशीपर्यंत बहुसंख्य स्त्रियांच्या गर्भाशयात अशी लहानमोठी गाठ आढळू शकते, आणि त्यांतील अनेकींना तिचा पत्ताही नसतो. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके कमी झाली की या गाठी बहुधा आपोआप आकसतात. म्हणजे सोनोग्राफीच्या कागदावर गाठ दिसणे हा आजार नव्हे. त्रास होणे हा आजार. तरीही तो कागद हाती पडताच ‘उद्या कर्करोग झाला तर?’ हा प्रश्न उभा केला जातो आणि त्या भीतीच्या भरात संमतिपत्रावर अंगठा उमटतो.

या भीतीचे मोजमाप उपलब्ध आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये असा अंदाज मांडला, की फायब्रॉइडसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे ३५० स्त्रियांपैकी एकीच्या गर्भाशयात आधी लक्षात न आलेला सार्कोमा, म्हणजे स्नायूंचा कर्करोग, असू शकतो. हा अंदाज शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचलेल्या स्त्रियांचा आहे. सोनोग्राफीत गाठ दिसलेल्या प्रत्येकीचा नव्हे. शिवाय तो मांडला गेला तो शस्त्रक्रियेचीच एक पद्धत धोक्याची ठरली म्हणून. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना गाठीचे तुकडे करून ते लहान छिद्रातून बाहेर काढणारे ‘पॉवर मॉर्सेलेटर’ हे यंत्र, गाठीत कर्करोग दडलेला असल्यास त्याच्या पेशी पोटभर पसरवू शकते. बोस्टनमधील भूलतज्ज्ञ एमी रीड यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. त्यांनी आणि त्यांच्या पतीने हा धोका जगासमोर आणला. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्यांच्या हाती हे यंत्र आहे अशा प्रत्येक भारतीय शल्यविशारदाने ते वापरण्यापूर्वी हा धोका रुग्णेला तिच्या भाषेत सांगितला पाहिजे. कर्करोगाची भीती दाखवून शस्त्रक्रियेला आणायचे आणि शस्त्रक्रियेमुळे कर्करोग पसरण्याची शक्यता झाकून ठेवायची, याला सल्ला म्हणत नाहीत.

आता शस्त्रक्रियेचे इतर परिणाम पाहू. गर्भाशय काढताना मूत्राशयाला किंवा मूत्रवाहिनीला इजा होऊ शकते. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाणे, आतडी चिकटणे हे पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेचे ज्ञात धोके आहेत. पुढे काही वर्षांनी अंग बाहेर येण्याचा त्रासही काहींना होतो. केवळ गाठ काढून गर्भाशय राखले, तरी रक्तस्राव बराच होऊ शकतो, गाठी पुन्हा येऊ शकतात आणि पुढील गरोदरपणात गर्भाशयावरील व्रण फाटण्याचा धोका उरतो. यांतील प्रत्येक गोष्ट प्रत्येकीला होते असे नाही. बहुतेकींना होतही नाही. पण जी गोष्ट होऊ शकते ती आधी कळणे हा रुग्णेचा अधिकार आहे.

सर्वांत कमी बोलले जाते ते अंडाशयांविषयी. ‘उघडलेच आहे, तर तेही काढून टाकू’ असे म्हणत निरोगी अंडाशय काढले जातात. त्या दिवसापासून स्त्रीची रजोनिवृत्ती सुरू होते. हळूहळू नव्हे, एकदम. हाडे ठिसूळ होणे, हृदयविकाराचा धोका वाढणे, झोप उडणे, अंगातून वाफा येणे हे सारे तिच्या वाट्याला पंधरा वर्षे आधी येते. अंडाशय राखले तरी प्रश्न पूर्ण मिटत नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दोन्ही अंडाशय शाबूत ठेवून पस्तिशीपर्यंत गर्भाशय काढलेल्या स्त्रियांत हृदय निकामी होण्याचा धोका ४.६ पट आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराचा धोका २.५ पट आढळला. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. त्याने कार्यकारण सिद्ध होत नाही, हे मान्य. परंतु तेथे जो वयोगट सर्वाधिक धोक्याचा ठरला, तोच आपल्या देशात या शस्त्रक्रियेचा नेहमीचा वयोगट आहे. ही जुळणी पाहून झोप उडायला हवी ती आरोग्य खात्याची.

यावर एक उत्तर ठरलेले असते: ‘बायकाच मागतात.’ हो, मागतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये देशासमोर आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. ज्या बाईला पाळीच्या दिवसांत फडावर ना आडोसा मिळतो ना पाणी, जिचा एक खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, तिने ‘काढून टाका एकदाचे’ म्हटले, तर त्याला निवड म्हणायचे की नाइलाज? पांढरे जाण्यासारख्या औषधाने बऱ्या होणाऱ्या तक्रारीसाठीही जेव्हा गर्भाशय जाते, तेव्हा मागणी कोणी केली यापेक्षा तिच्यापुढे दुसरे काय ठेवले, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

कारण दुसरे पर्याय आहेत. रक्तस्राव कमी करणारे ट्रानेक्सामिक ॲसिड आहे. संप्रेरक सोडणारे गर्भाशयातील साधन आहे. मोठ्या शहरांत गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याची सोय आहे. हे पर्याय निर्धोक आहेत असा दावा कोणी करू नये. युलिप्रिस्टल या औषधामुळे यकृताला गंभीर इजा झाल्यामुळे युरोपात २०२० मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध आले, हेही ध्यानात ठेवावे. आणि काहींना शस्त्रक्रिया खरोखर लागते. रक्तस्रावाने हिमोग्लोबिन सहावर आलेली, गाठीच्या दाबाने मूत्रपिंड सुजलेली, रजोनिवृत्तीनंतर गाठ वाढू लागलेली स्त्री यांना शस्त्रक्रियेपासून परावृत्त करणे हा अपराध ठरेल. आक्षेप शस्त्रक्रियेला नाही. शेवटची पायरी पहिली करण्याला आहे.

न्यायालयांनी आपले काम केले आहे. समीरा कोहली खटल्यात, तपासणीपुरती संमती दिलेल्या ४४ वर्षांच्या स्त्रीचे गर्भाशय व अंडाशय, ती भुलीखाली असताना तिच्या आईच्या संमतीने काढले गेले होते. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही संमती अवैध ठरवली. भरपाई मिळाली २५ हजार रुपये! पुढे बिहार, छत्तीसगड व राजस्थानातील अनावश्यक शस्त्रक्रियांविरुद्ध डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी याचिका केली. त्यावर ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने सर्व राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्याचा आदेश दिला. देखरेख समित्या राज्य व जिल्हा पातळीवरही असाव्यात, असे त्या तत्त्वांत आहे. आपल्या जिल्ह्याची समिती कधी बसते आणि काय तपासते, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. तो वापरा.

मागण्या साध्या आहेत. चाळिशीच्या आतील प्रत्येक अशा शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाचे लेखी मत हवे. अंडाशयांसाठी स्वतंत्र संमती हवी, तीही तिच्या भाषेतील कागदावर. काढलेल्या अवयवाचा पॅथॉलॉजी अहवाल रुग्णेच्या हाती मिळाला पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधोपचार मिळाला पाहिजे, म्हणजे शस्त्रक्रिया हा गरिबाचा एकमेव उपाय राहणार नाही.

आणि ज्या घरात आज हा निर्णय होऊ घातला आहे, त्या घरातील स्त्रीने डॉक्टरांना चारच प्रश्न विचारावेत. मला नेमका त्रास कोणत्या गाठीमुळे आहे? औषधाने काय साधेल? आणखी सहा महिने थांबले तर काय बिघडेल? माझे अंडाशय राहणार की जाणार? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावेल, त्याच्या टेबलावर झोपू नये. ही पोस्ट अशा घरापर्यंत पोहोचवा.