लेबलवरचा ‘एच’

१९२५ साली एरिक एकमन या स्वीडिश संग्राहकांनी उत्तर हैतीत, मोर्न कोलोम्बोच्या जंगलात, एका मॅग्नोलियाचे नमुने गोळा केले. तिचे नाव मॅग्नोलिया इमार्जिनाटा. पुढे ते जंगलच गेले आणि जवळजवळ शंभर वर्षे ही प्रजाती हर्बेरियमच्या शीटवर तेवढी उरली. २०२२मध्ये हैती नॅशनल ट्रस्टच्या पथकाला ती मासिफ द्यु नॉर डोंगररांगेत जिवंत सापडली. पथकाचे कौतुक झाले, ते रास्तच. लेबल लिहिणाऱ्याचे नाव मात्र बातमीत कुठेतरी खाली असते.

एकमन यांचे नमुने बर्लिनला इग्नात्स उर्बान तपासत. वेस्ट इंडीजच्या वनस्पतींचे त्या काळचे सर्वांत मोठे जाणकार ते. १ मार्च १९४३च्या रात्री बॉम्बहल्ल्यात बर्लिन-डाहलेमचे हर्बेरियम जळाले आणि असंख्य टाइप नमुने नाहीसे झाले. तरीही एकमन यांचे काम आज तपासता येते, कारण त्यांचा मोठा संच स्टॉकहोमला होता. डुप्लिकेट म्हणजे जागा अडवणारी रद्दी, असे मानणाऱ्यांनी (असे संस्थाचालक आपल्याकडेही भेटतात) ही रात्र आठवावी.

आता डिजिटायझेशनविषयी. हैती ज्या बेटावर आहे त्या हिस्पॅनिओलावरच्या नमुन्यांना एकमन यांनी क्रमांकाआधी ‘एच’ लावला. त्यांनीच क्युबात गोळा केलेल्या नमुन्यांचे क्रमांक नुसते. नोंद भरणाऱ्याने ते अक्षर गाळले, तर हैतीचे झाड क्युबात जाऊन बसू शकते. जुन्या लेबलला अक्षांश-रेखांश जोडतानाही तेच. गावाच्या नावावरून बिंदू ठरवायचा आणि तो किती किलोमीटरने चुकू शकेल हे लिहायचेच नाही, ही माझ्या मते खोटी नोंद आहे. एकमन १९३१ साली वारले. खुलासा विचारायला कोणी नाही. जे आहे ते लेबलवर.

आपल्या शीटवर ‘महाबळेश्वर, पावसाळा’ एवढेच लिहिलेले असेल, तर शंभर वर्षांनी त्यावरून कोण कुठे जाणार? मोबाइल अक्षांश-रेखांश देतो. पण झाड ओढ्याकाठी होते की कातळावर, सोबतीला कोणत्या जाती होत्या, फुलाचा रंग वाळण्याआधी कसा होता, हे आपणच लिहायचे. यंदाच्या पावसाळी फेरीत लेबल त्याच दिवशी पूर्ण करा, आणि प्रत्येक चांगल्या नमुन्याची एक डुप्लिकेट दुसऱ्या गावच्या हर्बेरियमला पाठवा.