गहू तोच, मग कुरडईचा चीक कमी का निघतो? दोष गव्हाचा नाही, ओतून दिलेल्या पाण्याचा

एप्रिल लागला की यवतमाळ जिल्ह्यात गच्चीवर, अंगणात, बाजेवर कुरडया दिसू लागतात. सोबत दरवर्षीचं वाक्यही ऐकू येतं, 'यंदाच्या गव्हाला चीकच नाही.' दोष कधी लोकवनला, कधी दुकानदाराला. माझं मत वेगळं आहे. बहुतेक वेळा चीक गव्हात असतोच. आपण तो भुशासोबत आणि वरच्या पाण्यासोबत टाकून देतो.

हिशेब करून बघा. एक किलो गव्हात साधारण 600 ते 650 ग्रॅम स्टार्च असतो. समजा, वाळलेल्या कुरडया 400 ग्रॅम भरल्या. त्यातला ओलावा आणि मीठ वजा केलं, तर हाती आलेला स्टार्च निम्म्याहून थोडाच जास्त. बाकीचा कुठे गेला?

परदेशात घरी बिअर बनवणारे याच प्रश्नामागे लागलेले असतात. धान्यातून किती माल निघाला, याला ते 'मॅश एफिशियन्सी' म्हणतात. (आपल्याकडे विनापरवाना बिअर बनवणं 1949च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे, त्यामुळे प्रयोग कुरडईवरच करा.) त्यांची एक सवय घेण्यासारखी आहे. एकदा रस काढला की ते धान्यावर पुन्हा पाणी घालून धुतात. आपणही भुसा एकदाच पिळून थांबू नये. त्यात थोडं पाणी घालून परत कुस्करा आणि पिळा. पाणी दुधासारखं निघालं, तर तेवढा चीक वाया जाणार होता. मिक्सर मात्र जास्त फिरवू नका. कोंडा बारीक होऊन कापडातून उतरतो आणि कुरडई काळपट होते.

खरी गळती पुढे आहे. गव्हात स्टार्चचे कण दोन प्रकारचे असतात. मोठे साधारण 20 मायक्रॉनचे, तर लहान 5 मायक्रॉनच्या आसपास. लहान कणांचा वजनातला वाटा पाव ते एक तृतीयांश. कण तळाला बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गावर ठरतो, म्हणजे चौपट लहान कण सोळापट हळू बसतो. इंजिनिअरिंगला पाठ केलेलं स्टोक्सचं सूत्र मला पहिल्यांदा इथे कामी आलं! साध्या पाण्यात मोठा कण तासाला जवळपास 40 सेंटिमीटर खाली जातो, लहान कण जेमतेम अडीच. गंजात 25 सेंटिमीटर पाणी असेल, तर मोठे कण तासाभरात तळाशी आणि लहानांना लागतात दहा तास. चीक घट्ट असेल तर आणखी जास्त. तासा-दोन तासांत 'निवळलं' म्हणून वरचं गढूळ पाणी ओतलं, की बारीक चीक मोरीत जातो.

रात्रभर ठेवायची जुनी पद्धत म्हणूनच बरोबर आहे. पण विदर्भातल्या उन्हाळ्यात रात्रीही आंबणं थांबत नाही, चीक जास्त आंबट होतो. यावर उपाय म्हणजे उंच गंजाऐवजी पसरट परात किंवा घमेलं. पाण्याची उंची 10 सेंटिमीटर ठेवली, तर तेच काम चार-पाच तासांत होतं.

एका बाबतीत मात्र बिअरवाल्यांचं ऐकू नका. ते गव्हाला मुद्दाम मोड आणतात, कारण मोडात तयार होणारं एन्झाइम स्टार्चची साखर करतं. कुरडईला तेच मारक. म्हणून तीन दिवस गहू पाण्यात पूर्ण बुडालेला हवा आणि पाणी रोज बदलायला हवं. अवकाळी पावसात भिजून शेतातच मोड फुटलेला गहूही नको. त्याचा चीक शिजवताना पातळ पडतो आणि सोऱ्यातून धड तार निघत नाही. गव्हाला दोष द्यायचाच, तर तो इथे द्या.

घरच्यापुरत्या कुरडया असतील तर थोडं कमी-जास्त चालतं. बचत गटाच्या बायकांसाठी मात्र हा थेट मजुरीचा प्रश्न आहे. गहू, गॅस आणि तीन दिवसांचे कष्ट तेवढेच, पण विकायला किलोमागे 100 ग्रॅम माल जास्त. दर ठरवताना गव्हाचा भाव सगळे धरतात, उतारा फारसं कुणी मोजत नाही. गटांना पॅकिंग आणि लेबल शिकवण्याआधी एक वजनकाटा आणि एक वही द्यावी, असं मला वाटतं. भिजवलेला कोरडा गहू किती, वाळलेल्या कुरडया किती, एवढे दोनच आकडे दर घाण्याला लिहायचे.

आणि भुसा फेकू नका. दोनदा पिळल्यावरही त्याच्या भुसवड्या होतातच.