भरवसा आहे, म्हणूनच नियम हवेत

मुलांच्या तालमींना, कबड्डीच्या संघांना, क्रिकेटच्या अकादमींना बालसुरक्षेचे लेखी नियम हवेत, असे म्हटले की पहिला सवाल ठरलेला : "मग पैलवान घडायचे कसे?" यवत, केडगाव, वरवंड, पाटस या पट्ट्यात हा सवाल मनापासून विचारला जातो. जत्रेतल्या कुस्त्यांना इथे अजून गर्दी लोटते. नातवाच्या अंगाला लाल माती लागलेली पाहून आजोबांचा ऊर भरून येतो. वस्तादाच्या शब्दाबाहेर न जाणारा पोरगा वाया जात नाही, हा इथल्या घराघरांतला अनुभव आहे. त्या अनुभवाला माझा विरोध नाही आणि हा लेख कुठल्या एका तालमीवर बोट ठेवण्यासाठीही नाही. पण नियमांच्या विरोधात जे मुद्दे मांडले जातात ते टिकणारे नाहीत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

मार खाल्ल्याशिवाय गडी तयार होत नाही, हा त्यातला सर्वांत जुना मुद्दा. यात मेहनत आणि मारहाण या दोन गोष्टींची गल्लत केलेली असते. पहाटे उठून धावणे, जोर-बैठका काढणे, हौदा उकरणे, थकल्यावरही आणखी एक पकड करणे, ही मेहनत. तिच्याने शरीर बनते आणि मनही घट्ट होते. पाठीत पट्टा ओढल्याने कोणता डाव येतो? चारचौघांत आईवरून शिवी दिल्याने कोणाचा दम वाढतो? मार खाणारा मुलगा एकच गोष्ट पक्की शिकतो : दुखणे लपवायचे. गुडघा सुजला तरी तो सांगत नाही, खांदा निखळल्यासारखा वाटला तरी लढतो, आणि ज्या वयात त्याचे नाव व्हायचे त्या वयात डॉक्टर त्याला माती सोडायला सांगतात.

वजन उतरवण्याच्या बाबतीतही हेच. खालच्या गटात खेळता यावे म्हणून तेरा-चौदा वर्षांच्या, वाढत्या अंगाच्या पोराला दोन दिवस पाणी तोडायला लावतात, उन्हात अंगावर जाड कपडे चढवून पळवतात. याला तयारी म्हणणे चूक आहे. तो मुलाच्या जिवाशी खेळ आहे.

ज्यांना माझे म्हणणे मऊ वाटते त्यांनी जपानकडे पाहावे. खेळात हात उगारणे तिथेही पिढ्यान्‌पिढ्या मान्य होते. डिसेंबर 2012 मध्ये ओसाका शहरातल्या एका सरकारी हायस्कूलच्या बास्केटबॉल संघाच्या कर्णधाराने प्रशिक्षकाच्या मारहाणीला कंटाळून आत्महत्या केली. देश हादरला. प्रशिक्षकाला न्यायालयाने दोषी ठरवले आणि 2013 मध्ये तिथल्या प्रमुख क्रीडासंस्थांनी एकत्र येऊन हिंसेविरुद्ध जाहीरनामा काढला. मारहाण त्यानंतर पुरती थांबली असे नाही, तक्रारी पुढेही येत राहिल्या. पण हात आवरला की खेळाडू मऊ पडतात, हे भाकीत साफ खोटे ठरले. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जपानला 7 सुवर्णपदके होती. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 20 मिळाली आणि त्यांतली 8 एकट्या कुस्तीतली. पदके वाढण्याची कारणे पुष्कळ असतील, पण मार कमी केल्याने कुस्ती बुडते असे म्हणायला आता जागा उरलेली नाही.

दुसरा मुद्दा सौम्य वाटतो, म्हणून जास्त घातक आहे. "पोरापोरांचं असतंय ते, त्यांचं ते बघून घेतील." मुक्कामी तालमीतली रात्र डोळ्यांपुढे आणा. वस्ताद घरी गेले आहेत. लांबच्या जिल्ह्यातून आलेला अकरा वर्षांचा नवा पोरगा मोठ्या पैलवानाचे लंगोट धुऊन आला आहे आणि आता त्याचे पाय दाबत बसला आहे. थांबायचे कधी, हे त्याच्या हातात नाही. घरून आलेल्या बदामांतले निम्मे आणि दुधातला पेला दुसऱ्याच्या वाट्याला गेला आहे. "नाही" म्हटले तर दुसऱ्या दिवशी त्याची जोड त्याच्यापेक्षा वीस किलोने जड गड्याशी लागते आणि तो उठेनासा होईपर्यंत आपटला जातो. बघणाऱ्याला तो सरावच वाटतो. त्याला हाक मारायचे नाव त्याच्या जातीवरून पडलेले असते, नाहीतर बापाच्या धंद्यावरून. हल्ली यात मोबाइलची भर पडली आहे. आंघोळीच्या वेळी कोणी चोरून चित्रण केले, तर ते गावभर फिरायला एक रात्र पुरते. वस्तादांना यातले बरेचसे ठाऊकही नसते, कारण सांगणाऱ्याला "चुगलखोर" म्हणतात आणि तालमीत त्याहून वाईट शिवी नाही.

हे पोरांवर सोपवून काय होते, ते केरळमध्ये दिसले. मे 2015 मध्ये आलाप्पुळा इथल्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या जलक्रीडा केंद्रात चार मुलींनी एकत्र विषारी फळ खाल्ले. त्यांतली एक, पंधरा वर्षांची, दगावली. केंद्रातल्या वरिष्ठ खेळाडूंनी छळ केला, असा कुटुंबीयांचा आरोप होता. ते केंद्र सरकारी होते, तिथे वसतिगृह होते, नेमलेले कर्मचारी होते. आपल्या पत्र्याच्या शेडमधल्या तालमीत तेवढेही नसते.

"मुलींचं ठीक आहे, पण पोरांना काय होतंय?" हे तर शिकलेली माणसेही बोलतात. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने 13 राज्यांत पाहणी करून 2007 साली अहवाल प्रसिद्ध केला. पाहणीतल्या 53 टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले, आणि सांगणाऱ्यांत मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा थोडी जास्तच निघाली. इंग्लंडमध्ये अँडी वुडवर्ड हा माजी फुटबॉलपटू नोव्हेंबर 2016 मध्ये आपल्या लहानपणच्या प्रशिक्षकाविषयी उघड बोलला आणि पाठोपाठ शेकडो पुरुष बोलते झाले. बॅरी बेनेल नावाच्या त्या प्रशिक्षकाला 2018 मध्ये 31 वर्षांची शिक्षा झाली. नामांकित क्लबांसाठी पोरे हेरणारा म्हणून त्याचा मोठा दबदबा होता. मुले त्याच्या घरी मुक्कामाला जात आणि आईबाप विश्वासाने पाठवत. आपले पोर मोठे खेळाडू होईल, ही आशाच तिथे हत्यार म्हणून वापरली गेली. तीच आशा आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामात राबणाऱ्या, कर्ज काढून पोराचा खुराक पुरवणाऱ्या बापाच्या डोळ्यांत असते.

मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. कायदा 2012 सालीच शहाणा झाला आहे, आता आपण व्हायचे आहे.

यानंतर गावकीचा ठेवणीतला मुद्दा येतो : बभ्रा नको, गावाचे नाव जाईल, चार माणसे बसून मिटवू. इथे चर्चेला जागाच नाही. पॉक्सोच्या कलम 19 नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे कळताच पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. दडवले तर कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने दडवले तर एक वर्षापर्यंत. म्हणजे असे प्रकरण बैठक घेऊन "मिटवणारा" पुढारी स्वतः गुन्हेगार ठरतो. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत अत्याचार झालेल्या दोन चिमुरड्यांच्या पालकांना गुन्हा नोंदवून घ्यायला सुमारे बारा तास ताटकळावे लागले आणि 20 ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. माहिती दडवल्याबद्दल शाळेच्या विश्वस्तांवरही गुन्हा दाखल झाला. बदलापूरची नाचक्की तक्रार करणाऱ्या आईबापांनी केली नाही. ती दडवणाऱ्यांनी केली.

उद्या कोणीही उठून खोटा आळ घेईल आणि भला वस्ताद नाहक बदनाम होईल, ही भीती मात्र मी झटकून टाकणार नाही. बिनपगारी शिकवणारी, पदरमोड करून पोरांना स्पर्धेला नेणारी माणसे मी पाहिली आहेत. अशा माणसावर संशय आला तर त्याचे आयुष्य उद्ध्वस्त होते. हेतुपुरस्सर खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला शिक्षा देण्याची तरतूद याच कायद्याच्या कलम 22 मध्ये आहे. पण भल्या वस्तादाचे खरे संरक्षण नियमातच आहे. एकट्या मुलाला बंद खोलीत कधी बोलावायचे नाही, मुक्कामी एकट्याने पोरांबरोबर झोपायचे नाही, दुखापत तपासताना दुसरा मोठा माणूस जवळ हवा, हे नियम पाळणाऱ्यावर आळ चिकटत नाही. आणि नियम नकोच म्हणून जो हटून बसतो, त्याच्याकडे पालकांनी नीट पाहावे.

"एवढे कायदे आहेत, आणखी नियम कशाला?" कायदे आहेत, पण ते घडून गेल्यावर जागे होतात. घडण्याआधी राखण करणारी तरतूद बहुतेक सगळी शाळेच्या फाटकापाशी थांबते. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई करणारे शिक्षण हक्क कायद्याचे कलम 17 शाळांसाठी आहे. राज्य सरकारने 2022 मध्ये आणलेली सखी सावित्री समितीही शाळांसाठीच. केंद्राने जानेवारी 2024 मध्ये खासगी क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा क्लासच्या व्याख्येतून खेळाचे प्रशिक्षण चक्क वगळले. 2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षिततेची दखल घेतली आहे, ही आनंदाची गोष्ट. पण त्याचा रोख राष्ट्रीय महासंघांवर. दिल्लीतून निघालेला तो नियम यवतच्या मातीपर्यंत कधी पोचायचा? शाळा सुटल्यावर संध्याकाळी दोन-तीन तास मूल ज्याच्या ताब्यात असते, त्याला विचारणारे कोणीच नाही. ही फट गावाने बुजवायची आहे.

आणि ती बुजवायला नवे काही उभारावे लागत नाही. सरपंचांच्या अध्यक्षतेखालची ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर आहेच. अंगणवाडीताई तिच्यात असतात. तिने गावातली प्रत्येक तालीम, संघ आणि अकादमी आपल्या कक्षेत घ्यावी. तालमीला जागा, वीज, पाणी पुष्कळदा ग्रामपंचायतीकडून मिळते आणि जत्रेच्या आखाड्याला बक्षिसे गावच देते. तेव्हा अट घालण्याचा अधिकार गावाचाच आहे. शिकवायला येणाऱ्याची पोलीस पडताळणी व्हावी. मुक्कामी तालमीत लहान-मोठ्यांच्या झोपण्याच्या जागा वेगळ्या असाव्यात आणि रात्री एक जबाबदार मोठा माणूस असावा. धाकट्यांकडून मालिश आणि धुणी करून घेणे बंद व्हावे. कपडे बदलण्याच्या जागी मोबाइल नसावा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणाचे वजन उतरवू नये. पालकाला केव्हाही आत येऊन बसता यावे. बाहेरगावच्या स्पर्धेला, शाळेच्या वर्गात नाहीतर मंगल कार्यालयात सतरंज्या टाकून मुक्काम असतो तेव्हा, किमान दोन मोठी माणसे हवीत आणि मुली असतील तर एक बाई हवीच. क्रीडा प्राधिकरणाने 2022 मध्ये राष्ट्रीय महासंघांना महिला खेळाडूंच्या पथकासोबत महिला प्रशिक्षक पाठवायला सांगितले आहे. राष्ट्रीय खेळाडूला जी सोबत मिळते ती आपल्या दहावीतल्या लेकीला का नको?

सगळ्यांत महत्त्वाचे, तक्रार ऐकणारे माणूस तालमीबाहेरचे असावे. गावातली एखादी शिक्षिका किंवा आशाताई, जिचे नाव प्रत्येक पोराला पाठ आहे आणि जी महिन्यातून एकदा येऊन पोरांशी वस्तादांच्या माघारी बोलते. भिंतीवर 1098 हा चाइल्डलाइनचा क्रमांक ठळक रंगवावा. तो चोवीस तास चालतो आणि फुकट आहे.

माणसे कुठून आणायची, असे कोणी म्हणेल. तुकोबांची पालखी यवतला मुक्कामी येते तेव्हा हे गाव घरोघर भाकरी थापून हजारो वारकऱ्यांना पिठलं-भाकरीचे जेवण घालते. पंगतीला वाढायला कोण, पाणी कोण आणणार, हे दरवर्षी ठरते आणि पार पडते. त्या गावाला आळीपाळीने दोन पालक तालमीत बसवणे जड नाही.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, या चार दिवशी ग्रामसभा भरतात. यातल्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घालायला आपल्या सरपंचांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आजच लेखी अर्ज द्या. अर्जावर तालमीत पोरे पाठवणाऱ्या आयांच्या सह्या घ्या, आणि पहिली सही वस्तादांची मागा.