टायरात पाणी

मंडळी, हा अंक हाती पडेल तेव्हा तुमच्याकडेही बर्फ उपसणं सुरू झालं असेल. आमचं घर न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात, टेकडीच्या उतारावर. लांबलचक ड्राइव्हवे साफ करायला मी एक जुना, छोटा ट्रॅक्टर घेतला. (ह्या खरेदीबद्दल सौ.चं मत इथे छापण्याजोगं नाही.)

मागच्या जानेवारीत पुढची बकेट बर्फानं भरून उचलली आणि मागची चाकं हलकी झाली. ह्या ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्याच चाकांना! तो दाबला तरी स्वारी घसरत थेट रस्त्याच्या तोंडाशी. तिथे माझी लेक स्कूलबसची वाट बघत उभी होती. ती चटकन बाजूला झाली, मेलबॉक्स आडवा झाला. त्या दिवशी मला चहासुद्धा गेला नाही.

रात्री सांगलीला फोन लावला. काका म्हणाले, "अरे, मागच्या टायरात पाणी भर की! नांगरटीला आम्ही तेच करतो." खरंच, वजन चाकात, जमिनीलगत राहतं, पकड वाढते, उलटण्याची भीतीही कमी होते. पण सांगलीत पाणी गोठत नाही. इथे त्याचा दगड होईल!

शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं पर्याय सांगितले. कॅल्शियम क्लोराइडचं पाणी जड, सहसा गोठत नाही, पण रिम गंजवतं. गाडीचं अँटीफ्रीझ गोड आणि विषारी. गळलं आणि कुत्र्यानं चाटलं तर संपलंच. शेवटी साखरेच्या बिटापासून केलेला रस भरला. पाण्याचा गॅलन ८.३ पौंडांचा, ह्याचा जवळजवळ ११. शिवाय उणे ३५ फॅरनहाइटपर्यंत पातळ राहतो. काका हसले, "म्हणजे मळीच की रे!"

भरताना चाक फिरवून व्हॉल्व सगळ्यात वर आणायचा आणि त्याच्या पातळीपर्यंतच, साधारण पाऊण टायर भरायचा. उरलेली हवा धक्के सोसते. माझ्या दोन चाकांत मिळून ५० गॅलन बसले, म्हणजे सव्वापाचशे पौंडांच्या वर!

एक मात्र लक्षात ठेवा: हा उपाय ट्रॅक्टरचा. गाडीच्या टायरात चुकूनही काही भरू नका. वेगात चाक हादरतं.

यंदा ट्रॅक्टर उतारावर घट्ट उभा राहतो. तरी बस येऊन जाईपर्यंत मी किल्लीला हात लावत नाही. हा नियम लेकीनं घातलाय.

बरंय, पुढच्या अंकात भेटू.