गाण्याला हद्दपारी कशासाठी?

कलावंत वादग्रस्त ठरला की त्याची गाणी मोबाईलवरून काढून टाका, अशी मागणी हल्ली वारंवार होते. तिच्यामागचा संताप पुष्कळदा रास्त असतो. अमेरिकन गायक आर. केली याच्यावर अल्पवयीन मुलींच्या शोषणाचे आरोप होते. २०२१ मध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरविले. त्याआधीच, मे २०१८ मध्ये, ‘स्पॉटिफाय’ने त्याची गाणी स्वतःहून सुचविणे थांबविले, शोधणाऱ्याला मात्र ती मिळत राहिली. मला हीच वाट योग्य वाटते. गुन्हेगाराला हार घालू नये, पण गाणेही पुसू नये.

कारण पुसण्याचा अधिकार एकदा दिला की तो उद्या कुणावर चालेल याचा नेम नाही. आणीबाणीत किशोरकुमारांनी सरकारी प्रचारासाठी गाण्यास नकार दिला, म्हणून १९७६ मध्ये त्यांची गाणी आकाशवाणी व दूरदर्शनवरून बंद झाली. त्यांचा गुन्हा कोणता? आणि शिक्षा कुणाला झाली? ज्यांच्या दिवाणखान्यात तबकड्या होत्या ते ऐकत राहिले; ज्यांच्याजवळ केवळ रेडिओ होता ते मुकले.

आजही तेच होईल. आमच्या भंडारा जिल्ह्यात रोवणीच्या वेळी बांधीत गाणे वाजते ते मोबाईलवरच. माझ्यासारख्या, घरातून प्रथमच कॉलेजात आलेल्यांकडे तबकड्यांचा वारसा नाही. मोबाईलवरून गेलेले गाणे आमच्यापुरते कायमचे गेले.

मग पीडितांचे काय? मित्रहो, दोष सिद्ध होताच गायकाच्या वाट्याचे पैसे त्यांना मिळावेत. गाणे पुसून त्यांच्या पदरात काय पडणार?